वर्षभरात काय वाचलं? भोर-वेल्ह्यातल्या वाचकाने नोंद कशी ठेवावी, मत कसं मांडावं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर पुस्तकांचे गठ्ठे दिसायला लागतात. कुणाची ५२ पुस्तकं झालेली असतात, कुणाची शंभर. आपणही आठवायला बसतो आणि चार-पाच नावांवर गाडी अडते. वाचलेलं असतं जास्त. पण फेब्रुवारीत वाचनालयातून आणलेलं ते निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक कुठलं, हे काही केल्या आठवत नाही.

पुण्यात राहणाऱ्यापेक्षा भोर आणि वेल्ह्यातल्या वाचकाला हा प्रश्न जास्त छळतो. (वेल्ह्याचं नाव ‘राजगड तालुका’ करायला राज्य मंत्रिमंडळाने १३ मार्च २०२४ रोजी मंजुरी दिली. तरी बोलताना अजून वेल्हेच तोंडात येतं.) कारण साधं आहे. इथलं बरंचसं वाचन उसन्या पुस्तकावर चालतं. वाचनालयातून, शाळेतून, नाहीतर पुण्याला शिकणाऱ्या भावंडाकडून पुस्तक येतं आणि परत जातं. अप्पा बळवंत चौक भोरपासून पन्नासेक किलोमीटरवर. कपाटात पुस्तक राहत नाही, त्यामुळे कपाटाकडे बघून वर्ष आठवण्याची सोयही नाही. हाती उरते ती फक्त तुम्ही केलेली नोंद.

कारी गावातल्या नोंदी

एक-दोन ओळींच्या, तारखेसह केलेल्या नोंदींचं मोल किती असू शकतं, याचं महाराष्ट्रातलं बहुधा सगळ्यात मोठं उदाहरण भोर तालुक्यातलंच आहे. कारी हे कान्होजी जेधे यांचं गाव. तिथल्या जेधे देशमुख घराण्याकडे जुन्या नोंदींची एक यादी होती. कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडलं, इतकंच त्यात थोडक्यात लिहिलेलं. ना वर्णन, ना अलंकार. हीच ‘जेधे शकावली’. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणली.

शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा, असं तोवर बखरींच्या आधारे मानलं जात होतं. शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तिथी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाले. आज राज्य सरकार ज्या तारखेला शिवजयंती साजरी करतं, ती याच नोंदीशी जुळते.

आपल्या वाचनाच्या वहीवरून कुणी इतिहास लिहिणार नाही, हे उघड आहे. पण त्या यादीतली एक सवय मात्र उचलावी अशी आहे: आधी तारीख, मग बाकीचं. तारीख नसलेली नोंद सहा महिन्यांनी निम्मी निकामी होते. कारण पुस्तक केव्हा वाचलं हे कळलं की ते कशामुळे आवडलं किंवा डोक्यात गेलं, तेही आठवतं. परीक्षेच्या आदल्या महिन्यात अर्धवट सोडलेली कादंबरी वाईटच असते असं नाही.

मराठीतली प्रसिद्ध रोजनिशी

वाचनाची नोंद हे साहित्य होऊ शकतं का? होऊ शकतं. कवी सतीश काळसेकर हे लघुअनियतकालिकांच्या चळवळीतलं महत्त्वाचं नाव. लोकवाङ्मय गृहाच्या ‘आपले वाङ्मय वृत्त’ या मासिकात ते आपल्या वाचनाविषयी सदर लिहीत. त्याचं पुस्तक झालं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’, आणि २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ना कादंबरी ना कवितासंग्रह, एका माणसाने काय काय वाचलं याच्या गद्य लेखनाला हा मान मिळाला. २०२१ मध्ये काळसेकर गेले. नोंदी ठेवायला बसण्याआधी त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर चाळा. नवी पुस्तकं, जुनी पुस्तकं, नियतकालिकं, भेटलेली माणसं हे सगळं एकाच वाचनाचा भाग कसं असतं, ते त्यातून कळतं.

वहीत नेमकं काय लिहायचं?

मी पहिल्या वर्षी फक्त तारे दिले. पाचपैकी चार, पाचपैकी तीन. वर्ष संपल्यावर यादी उघडली, तर चार तारे मिळालेल्या एका कथासंग्रहातली एकही कथा मला आठवेना. चार कशाला दिले होते, कुणास ठाऊक. तेव्हापासून तारे बंद.

आता माझ्या वहीत सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख असते, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव असतं, अनुवाद असेल तर अनुवादकाचंही. (अनुवादकाचं नाव गाळायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे.) त्यापुढे प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष. पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्यावरचा दाखल क्रमांक. हा क्रमांक लिहायला दोन सेकंद लागतात, पण पुढे तेच पुस्तक पुन्हा हवं झालं तर ‘निळ्या मुखपृष्ठाचं’ असं काउंटरवर सांगावं लागत नाही. आणि शेवटी तीन ओळी: काय आवडलं, कुठे अडलो, हे कुणाला वाचायला देईन. तिसरी ओळ सगळ्यात उपयोगी ठरते.

अर्धवट सोडलेलं पुस्तकही लिहा. कितव्या पानावर सोडलं आणि का, एवढंच. ऐकलेल्या पुस्तकांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं ऐकणारे वाढले. भोरहून रोज शिरवळ किंवा खेड-शिवापूरला कामाला जाणाऱ्याला दोन्ही वेळचा प्रवास हाच काय तो मोकळा वेळ. माझं मत, ऐकलेलं जरूर मोजा. फक्त पुढे ‘ऐकलं’ असं लिहा, कारण ऐकताना निसटलेल्या जागा वेगळ्या असतात.

आणि आकड्यांचं? रोज २० पानं वाचली तर वर्षाची ७,३०० पानं होतात. सरासरी २५० पानांचं पुस्तक धरलं तर २९ पुस्तकं. शंभराचा आकडा गाठायला त्याच हिशेबाने रोज ६८-६९ पानं लागतील. शेती, नोकरी, घरकाम सांभाळून ज्याला जमतं त्याने करावं. पण आकडा भरायला बारीक पुस्तकं शोधायची वेळ आली की समजावं, वाचन आता यादीसाठी चाललं आहे.

या भागातल्या वाचकासाठी एक जास्तीचा रकाना

राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर यांच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांच्या हातात ऐतिहासिक कादंबरी लवकर पडते. मजा येते, कारण पुस्तकातला डोंगर खिडकीतून दिसतो. घोळही इथेच होतो. कादंबरीतला संवाद लेखकाने रचलेला असतो, पण गावच्या कट्ट्यावर आणि गडावरच्या रीलमध्ये तो ‘महाराज असं म्हणाले’ म्हणून फिरतो. त्यामुळे वहीत एक रकाना करा: कादंबरी, चरित्र की अस्सल साधन. शिवाय एखाद्या घटनेची तारीख दोन पुस्तकांत वेगळी दिसली तर दोन्ही लिहून ठेवा. तोरणा नेमका कधी घेतला याचं वर्ष सगळीकडे एकच सापडत नाही. कोणतं पुस्तक काय सांगतं, हे वहीत असलं की व्हॉट्सअॅपवरच्या भांडणात आवाज चढवावा लागत नाही, पान क्रमांक पाठवला की झालं.

अॅप की वही?

गुडरीड्स २००७ मध्ये सुरू झालं, २०१३ मध्ये अॅमेझॉनने ते विकत घेतलं. वर्षाचं लक्ष्य ठरवायची सोय तिथे आहे. स्टोरीग्राफ हा अलीकडचा पर्याय, त्यातली आकडेवारी जास्त तपशीलवार. मराठी वाचकाची अडचण अशी, की एकच पुस्तक कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत, दोन-तीन स्पेलिंगांनी चढवलेलं असतं. जुनी पुस्तकं तर सापडतच नाहीत. आयएसबीएन क्रमांकाची पद्धतच १९७० च्या आसपासची आहे, आणि तालुक्याच्या वाचनालयातली कितीतरी पुस्तकं त्याआधीची. मग स्वतः माहिती भरत बसा! मोबाइलमधली साधी एक्सेल शीट किंवा शंभर पानी वही यापेक्षा बरी. वहीला रेंजही लागत नाही.

मत मांडायचं, पण कसं?

शहरातल्या वाचन गटात सगळे महिनाभर एकच पुस्तक वाचतात. तालुक्यात हे जमत नाही, कारण वाचनालयात प्रत एकच. त्याऐवजी दोन पद्धती चालतात. एक, प्रत्येकाने आपापल्या पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं. दुसरी मला जास्त आवडते: एकच प्रत फिरवायची आणि सोबत एक चिठ्ठ्यांचं पाकीट. वाचणाऱ्याने आपलं मत लिहून पाकिटात टाकायचं, पण आधीच्यांची मतं पुस्तक संपल्यावरच वाचायची. शेवटच्या वाचकापर्यंत पुस्तक पोचेतो चर्चा आपोआप तयार होते. याचं मोठं रूप नाशिकमध्ये २००९ पासून दिसतं. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि काही महिन्यांनी एकमेकांत बदलल्या जातात.

लहान गावात एक नाजूक बाब असते. कवितासंग्रह काढणारे लेखक तुमचेच शाळेतले सर असू शकतात, आणि ते ग्रुपमध्येही असतात. म्हणून सगळ्यांनी ‘अप्रतिम’ लिहून टाळ्यांच्या इमोजी टाकायच्या का? त्याने सरांचं भलं होत नाही, वाचणाऱ्याचंही नाही. ‘पुस्तक फालतू आहे’ यापेक्षा ‘पहिल्या भागातल्या कविता गावाच्या वाटल्या, दुसऱ्या भागात तेच शब्द परत परत आले’ हे लिहिणं अवघड आहे, पण त्यावर उत्तर देता येतं. आवडलं नाही तर कोणत्या पानावर, ते सांगा. शेवट फोडू नका.

आता पीडीएफ. ग्रुपवर चर्चा रंगली की कुणीतरी अख्खं पुस्तक स्कॅन करून टाकतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार परीक्षणासाठी किंवा टीकेसाठी मजकुराचा वाजवी वापर करता येतो. संपूर्ण पुस्तक फिरवणं त्यात बसत नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे गेले २००० मध्ये, म्हणजे त्यांच्या पुस्तकांना २०६० अखेरपर्यंत संरक्षण आहे.

तुमच्या नोंदी वाचनालयाच्या कामाच्या

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. त्यातला काही भाग पुस्तकं घेण्यासाठी असतो. कोणती पुस्तकं घ्यायची, हे अनेकदा एक-दोन माणसं ठरवतात, कारण वाचकांकडून मागणीच येत नाही. पाच-सहा वाचकांनी आपापल्या वह्यांमधली ‘हे कुणाला देईन’ ही ओळ आणि ‘शोधलं, मिळालं नाही’ अशी पुस्तकं एकत्र केली तर तयार यादी होते. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि मागणाऱ्या सभासदांचे क्रमांक लिहून ती ग्रंथपालांकडे लेखी द्या, आणि पोच घ्या. नवी खरेदी झाली की दाखल नोंदवहीत बघा, तुमच्या यादीतली किती आली ते.