प्रायमाक्विन-संवेदनशीलता : एका संज्ञेचा इतिहास

हिवतापावर प्रायमाक्विन घेतलेल्या काही थोड्या रुग्णांचे मूत्र काळवंडते व त्यांना पंडुरोग जडतो. या विकारास प्रथम ‘प्रायमाक्विन-संवेदनशीलता’ हे नाव मिळाले. म्हणजे संज्ञेने बोट औषधाकडेच दाखविले. वस्तुतः उणीव पेशीत होती, हे कार्सन, आल्व्हिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली सिद्ध केले. (हे संशोधन इलिनॉयमधील तुरुंगातील कैद्यांवर झाले, हे इतिहासलेखकाने विसरू नये.) तांबड्या पेशीत ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम अपुरे असेल, तर ग्लुटाथायोन क्षपित अवस्थेत टिकत नाही. मग औषधजन्य ऑक्सिडीकरणाने हिमोग्लोबिन विकृत होते, त्याचे कण पेशीच्या आवरणास चिकटतात आणि अशा पेशींचा नाश होतो. वयस्क पेशी प्रथम बळी पडतात.

आपल्याकडे बक्षी, संघवी प्रभृतींनी 1963 साली मुंबईच्या पारशी समाजातील या उणिवेविषयी निबंध प्रसिद्ध केला. ही उणीव एक्स गुणसूत्रावरून संक्रमित होते. म्हणून ती मातेकडून पुत्राकडे येते व पुरुषांत अधिक आढळते. आज तिचा उल्लेख एन्झाइमच्याच नावाने होतो. प्रायमाक्विन मात्र व्हायव्हॅक्स हिवतापाच्या समूळ उपचारात अद्याप वापरात आहे, आणि ते देण्यापूर्वी रक्त तपासावे लागते ते याच एन्झाइमसाठी.