जोग महाराजांची मंडळी आणि आपली दिंडी

दिंडीच्या शंभरीच्या पुस्तकात तुम्हीही दोन शब्द लिहा, असा मंडळींनी आग्रह धरला. आम्ही चौथी शिकलेलो. औत हाकलं, वीणा धरली, लिहायचं काम कधी पडलं नाही. तरी एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे, ती मांडतो. आपली दिंडी शंभर वर्षं कशी टिकली हे सांगायचं तर सुरुवात आळंदीपासून करावी लागते.

ह.भ.प. विष्णुबुवा जोग महाराज मूळचे पुण्याचे. जन्म १८६७ चा. तरुणपणी तालमीतले पैलवान. लग्न केलं नाही, वारी धरली, आणि तुकोबारायांच्या गाथ्याचा अर्थ साध्या माणसाला कळावा म्हणून सार्थ गाथा तयार केली. त्या काळी शेतकऱ्याच्या पोराला कीर्तन शिकायचं म्हटलं तर सोय काय होती? फडातल्या एखाद्या महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं आणि कानावर पडेल ते धरायचं. कुणाला चाल यायची पण अर्थ नाही, कुणाला अर्थ यायचा पण पाठांतर नाही. जोग महाराजांनी १९१७ च्या गुढीपाडव्याला आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि पोरांना एका जागी बसवून क्रमाने शिकवायला घेतलं. ज्ञानेश्वरी, गाथा, अमृतानुभव, नाथांचं भागवत.

सुरुवातीची मंडळी मोजकीच. बीडकडचे बंकटस्वामी, लक्ष्मणबुवा इगतपुरीकर, मारुतीबुवा गुरव, आणि सोनोपंत म्हणजे मामासाहेब दांडेकर. मामासाहेब इंग्रजी शिकलेले, पुढे पुण्याच्या एस. पी. कॉलेजचे प्राचार्य झाले. मुलूख वेगळा, शिक्षण वेगळं, बोलणं वेगळं. असली माणसं एका सतरंजीवर बसवणं सोपं नसतं. आमच्या गावात दोन आळ्यांची माणसं एका पंगतीला बसवताना घाम फुटतो, म्हणून म्हणतो.

तिथे शिकवण्याचे पैसे नाहीत. पोरांनी झोळी घेऊन माधुकरी मागायची आणि मिळेल ते खायचं. आजही आळंदीत सकाळी पोरं झोळी घेऊन निघतात. आम्हाला वाटतं, अर्धं काम या झोळीनंच केलं असेल. दारोदार भाकरी मागितल्यावर पाटलाचं पोरगं आणि मजुराचं पोरगं यात फरक राहत नाही, आणि मग चूक दाखवली तरी राग येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तिथला अभ्यास चार वर्षांचा. संस्था निघाली १९१७ ला आणि जोग महाराज गेले १९२० ला. म्हणजे पुरती तीन वर्षंसुद्धा नाहीत. चार वर्षांचा एक पाठ शेवटपर्यंत गेलेला बघायलाही गुरू राहिले नाहीत. दुसरीकडे असं झालं असतं तर मंडळी पांगली असती, नाहीतर गादीवरून भांडली असती. इथे तसं झालं नाही. बंकटस्वामींनी आळंदीचा भार उचलला. मामासाहेबांनी आपली नोकरी सांभाळून कीर्तन-प्रवचन आणि ग्रंथांचं काम केलं, त्यांची ज्ञानेश्वरी आज घरोघर आहे. मारुतीबुवांनी पोरांना शिकवलं. ज्याच्या हातात जे होतं ते त्यानं धरलं. संस्थेला २०१७ ला शंभर वर्षं झाली.

तिथेच शिकलेले एक बुवा आमच्या लहानपणी गावाला लाभले. पावसाळ्यात शेताची कामं आटोपली की रात्री मारुतीच्या देवळात कंदील लावून आम्ही आठजण बसायचो. बुवा सगळ्यांना सगळं शिकवत नसत. एकाला हरिपाठाच्या चाली, एकाला पखवाज, एकाला ज्ञानेश्वरीच्या ओव्या, आमच्याकडे गाथ्याची प्रमाणं. शेजाऱ्याला काय येतं ते मात्र प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. कीर्तनात उभा असलेला माणूस अडला तर मागचा टाळकरी हळूच चरण उचलून देतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बुवा मुद्दाम अडायचे. आम्ही बराच काळ समजत होतो की म्हाताऱ्याला विसर पडतोय.

बुवा गेले आणि आम्ही शेण खाल्लं. वीणा कुणी घ्यायची यावरून वाद पेटला. एका वर्षी एका गावातून दोन दिंड्या निघाल्या, दोन तंबू, दोन चुली. भांडणाऱ्यांत आम्हीही पुढे होतो, हे पुस्तकात लिहून ठेवतो, नंतर कुणी वेगळं सांगायला नको. त्या वारीत आमच्याकडे पखवाज नव्हता आणि त्यांच्याकडे प्रमाणं नव्हती. वाखरीला रिंगण झालं, तिथे दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे चोरून बघत होती. परत आल्यावर आमच्यातल्या सगळ्यात जुन्या टाळकऱ्यानं सांगितलं, वीणा कुणाच्या घरी राहणार नाही, देवळात राहील, आणि वारीत रोजच्या मुक्कामाला पहारा बदलेल. तेव्हापासून तसंच चाललंय. आळंदीच्या मंडळींनी काम वाटून घेतलं होतं, आम्ही मान वाटायला बसलो होतो, एवढं कळायला आम्हाला दोन तंबू ठोकावे लागले.

त्या आठांतले आता आम्ही तिघं उरलो. गेली चार वर्षं सात पोरं आणि दोन पोरी देवळात शिकायला बसतात. मोबाईलवर चाली ऐकतात, त्याला आमची ना नाही, पण मोबाईल मागून चरण उचलून देत नाही. आमचे गुडघे कुरकुरतात, यंदाची वारी पायी होईल का ते पांडुरंग जाणे. म्हणून मंगळवारी आम्ही आत जात नाही. बाहेर पारावर बसून ऐकतो. मागच्या मंगळवारी कीर्तनाला उभा राहिलेला पोरगा तिसऱ्या चरणाला अडला. टाळ थांबायच्या बेतात आले. आम्ही काठीला हात घातला, आणि तसंच बसून राहिलो. मग मागून एका पोरीनं चरण उचलला, पखवाज परत धरला गेला, आणि पोरगा पुढे गेला.