उतारावरची माती थांबवणारं गवत: कधी आणि कसं पेरायचं?

परतूर तालुक्यातल्या आष्टी परिसरात खरिपात कापूस आणि सोयाबीन घेतलं जातं. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी गढूळ होतं. तो गढूळपणा म्हणजे वरच्या उताराची सुपीक माती.

नुकसान किती होतं?

एका हेक्टरवरून फक्त १ मिलिमीटर थर गेला, तरी १० घनमीटर माती जाते. तेवढी नवी माती तयार व्हायला अनेक वर्षं लागतात.

गवत काय करतं?

पानं थेंबांचा मार झेलतात, खोडं पाण्याचा वेग कमी करतात आणि मुळं माती धरून ठेवतात. वेग कमी झाला की पाणी मुरतं आणि वाहून आलेला गाळ तिथेच बसतो.

कोणतं बियाणं निवडायचं?

थंड देशांत गवतासोबत क्लोव्हर पेरतात. आपल्याकडचा बरसीम हा क्लोव्हरचाच प्रकार, पण त्याला रब्बीत वारंवार पाणी लागतं. त्यामुळे कोरडवाहू माळावर ते काम स्टायलो करतं. ते द्विदल असल्यामुळे त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात. सोबत मारवेल किंवा पवन्या पेरता येतं.

पेरणी कशी करायची?

- पहिल्या चांगल्या पावसानंतर, जमिनीत ओल असताना पेरा.
- उताराला आडव्या, उथळ ओळी काढा. उभ्या ओळींतून पाणी उलट जोरात धावतं.
- बी बारीक आणि हलकं असतं. ते ओलसर मातीत मिसळून पेरा आणि वर मातीचा पातळ थरच द्या.
- स्टायलोच्या बियांचं कवच कठीण असतं. गरम पाण्याची प्रक्रिया केली तर उगवण चांगली होते.
- समपातळी चर खोदले असतील, तर चरातून निघालेल्या मातीच्या भरावावरही बी टाका.

मात्र जिथे घळ पडली आहे, तिथे नुसतं गवत टिकत नाही. आधी दगडी बांध घालून पाणी अडवावं लागतं.

मग गवत टिकत का नाही?

बहुतेकदा कारण चराईचं असतं. कोवळी रोपं शेळ्या-मेंढ्यांनी मुळासकट उपटली, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून पहिल्या वर्षी चराई बंद ठेवून बी गळू द्यायचं आणि नंतर गवत कापून गोठ्यात न्यायचं. पण ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त जनावरं आहेत, त्यांनी काय करायचं? कापलेल्या चाऱ्यात त्यांचा वाटा आधीच ठरवला नाही, तर गावात चराईबंदी टिकणं अवघड.

जालन्यात असं काम झालंय का?

जालना तालुक्यातल्या कडवंची गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं. आज हे गाव द्राक्षबागांसाठी ओळखलं जातं. पाणी अडवण्याचं काम माथ्यावरून सुरू करावं लागतं, हे तिथे दिसतं. आष्टीसारख्या गावात त्याची सुरुवात बांधावरच्या गवतापासूनही होऊ शकते.