गोदो : मालकी सोडण्याचा निर्णय

चित्रं पडद्यावर उमटवणं, वस्तूंच्या टकरी मोजणं, आवाज वाजवणं ही प्रत्येक गेमला लागणारी कामं गेम इंजिन सांभाळतं. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मन्सूर यांनी गोदो हे असंच इंजिन आधी स्वतःच्या व्यवसायासाठी घडवलं आणि २०१४ च्या फेब्रुवारीत त्याचा सोर्स कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला. गोदोच्या इतिहासातली निर्णायक घटना हीच. पैसे न घेणारी इंजिनं इतरही होती. इथे मात्र कोड वापरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचाही हक्क वापरणाऱ्याच्या हाती आला.

यावर आक्षेप असा, की गोदो वाढलं ते युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनच्या कंपनीमुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि संतापलेले अनेक डेव्हलपर गोदोकडे वळले, हे खरंच आहे. पण त्यांना वळायला जागा होती, कारण तिच्यामागे नऊ वर्षांचं खुलं, सामूहिक काम उभं होतं. युनिटीने २०२४ मध्ये ते शुल्क रद्द केलं. तरी अट मागे घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे, ती लादण्याचाही त्याच्याकडेच राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कन्सोल कंपन्यांच्या गोपनीयतेच्या करारांमुळे त्यांच्यासाठीचा कोड खुल्या इंजिनात ठेवता येत नाही. ही उणीव मोठी आहे. मात्र तिचं मूळ त्या करारांत आहे, खुलेपणात नाही. स्वतःच्या साधनांवर हक्क असणं ही कारागिराची पहिली गरज, आणि गोदोने ती भागवली.