रान, तळे आणि अभय

‘जंगल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाट झाडी येते. हा शब्द ज्या संस्कृत ‘जांगल’पासून आला, त्याचा अर्थ मात्र जवळजवळ उलटा होता. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत जांगल देश म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झुडपांचा आणि कमी पाण्याचा मुलूख. त्याच्यासमोर उभा केला आहे तो आनूप देश, म्हणजे पाण्यालगतचा, दलदलीचा. ‘अनु’ आणि पाण्याचा वाचक ‘अप्’ मिळून ‘अनूप’ झाला. आज ज्याला आपण पाणथळ म्हणतो, तोच हा. पुढे ‘जांगल’चे ‘जंगल’ झाले. वस्ती नसलेली जमीन, मग माजलेली झाडी, मग घनदाट वन असा अर्थ सरकत गेला आणि इंग्रजांनी आपल्याकडून हा शब्द नेला तो या नव्या अर्थासह.

हे सांगण्याचे कारण आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. तिथे पोचल्यावर अनेक जण विचारतात, ‘इथे जंगल कुठे आहे?’ समोर गवत, बोरी-बाभळी आणि क्षितिजापर्यंत मोकळा माळ. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर तेच जंगल. माळाला ‘पडीक’ म्हणायची सवय आपल्याला अलीकडे लागली. जुन्या वैद्यांनी त्याला स्वतंत्र देश मानून नाव दिले होते, त्याच्या हवापाण्याचे आणि तिथल्या प्राण्यांच्या मांसाचे गुण लिहून ठेवले होते. माळढोक आज नान्नजला दिसणे दुर्मीळ झाले आहे. त्याच्या घराला आपण घर मानले नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे असे मला ठामपणे वाटते.

‘जंगल’ला आता ‘सफारी’ चिकटली आहे. तिचा प्रवास याहून लांबचा. अरबी ‘सफर’ फारसीतून मराठीत आली आणि इथे रुळली. तीच अरबी सफर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘सफारी’ झाली, तिथून युरोपी शिकाऱ्यांबरोबर इंग्रजीत गेली आणि उघड्या जिप्सीत बसून ताडोबाच्या फाटकाशी आली. घरात सफर होतीच. तिची बहीण आफ्रिका फिरून आली.

‘रान’ मात्र अस्सल घरचे. संस्कृत ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा. त्यावरून ‘अरण्य’, म्हणजे गावशिवेपलीकडचा, आपला नसलेला प्रदेश. प्राकृतात त्याचे ‘रण्ण’ झाले आणि मराठीत ‘रान’. (कच्छचे ‘रण’ वेगळे, ते ‘इरिण’ म्हणजे खारवट, नापीक जमीन या शब्दापासून आले.) अरण्यातला परकेपणा मराठीने पार घालवला. पश्चिम महाराष्ट्रात ‘आण्णा रानात गेल्यात’ म्हणजे अण्णा शेतावर गेलेत. ‘रान तयार झालं’ म्हणजे पेरणीसाठी जमीन तयार झाली. रानभाजी, रानमेवा, रानडुक्कर हे शब्द पाहिले तर रान कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते याची रेघ मराठी माणसाने कधी जाड ओढली नव्हती, हे कळते.

ती रेघ कायद्याने ओढली. १८७८ च्या वन कायद्याने सरकारी जंगलांचे वर्ग पाडले आणि ‘राखीव जंगल’ हा शब्दप्रयोग गावोगाव पोचला. ‘रक्ष’पासून ‘राखणे’. हे क्रियापद आपल्याकडे फार मायेचे आहे. शेत राखतात, गुरे राखतात, शब्द राखतात, कोकणात गावाचा राखणदार असतो. ‘राखीव’मध्ये ती माया उरली नाही. राखणे म्हणजे सांभाळणे, राखीव म्हणजे बाजूला काढून ठेवलेले. त्या जंगलात चराईला आणि सरपणाला जाणाऱ्या माणसाला हा फरक कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या मानाने ‘अभयारण्य’ हा शब्द कितीतरी उदार आहे, आणि वाटतो तेवढा नवाही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ आहे. ज्यांना अभय दिले आहे अशा, अभयवनात राहणाऱ्या पशू, पक्षी आणि माशांना पकडले किंवा मारले तर सर्वांत वरच्या पायरीचा दंड सांगितला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर देशभर अभयारण्ये वाढली, तेव्हा मराठीला हा शब्द घडवायला फार लांब जावे लागले नाही. राखीव म्हटले की मालक कोण ते कळते; अभय म्हटले की वचन कोणाला दिले ते कळते. तिकीट काढून आत जाणाऱ्याने हे वचन आपल्याला दिलेले नाही, आत राहणाऱ्यांना दिलेले आहे, एवढे लक्षात ठेवले तरी गाडीतला आरडाओरडा थांबेल.

‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द मला पूर्वी खटकायचा. उद्यान म्हणजे बाके, झोपाळे आणि कारंजे. वाघाच्या मुलखाला हे नाव कसले? पण ‘उद्’ आणि ‘यान’ यांची फोड केली तर उद्यानाचा पहिला अर्थ बाहेर पडणे, नगराबाहेर फिरायला जाणे असाच आहे. ज्या जागी असे जायचे तिलाही मग उद्यान म्हणू लागले. म्हणजे आज रविवारी सकाळी डबा घेऊन शहराबाहेर पडण्याची जी आपली हौस, तिचेच हे जुने नाव आहे.

‘विहार’ची कथाही अशीच. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत विहार तलाव आहे. १८६० मध्ये तो पुरा झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. तलावाला नाव मिळाले ते तिथल्या विहार गावाचे. त्याच डोंगरांत कान्हेरीची लेणी, म्हणजे ‘कृष्णगिरी’. तिथे भिक्षूंचे विहार कोरलेले. हिंडणे, रमणे हा विहाराचा अर्थ, आणि हिंडणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्यात थांबायची जागा तीही विहार. वनविहार, नौकाविहार हे शब्द आपण सहलीच्या जाहिरातीत वापरतो, तेव्हा त्यात भिक्षूंची पायपीटही असते.

आता पाण्याकडे. संस्कृत ‘तडाग’ प्राकृतात मऊ होत गेला आणि त्याच घराण्यात आपले ‘तळे’ आणि ‘तलाव’ बसतात. हिंदीत तोच ‘तालाब’ झाला. शेवटी फारसी ‘आब’ म्हणजे पाणी ऐकू आल्यामुळे ते रूप तिथे पक्के झाले असावे. मराठीत तळे हे गावाचे, पायऱ्या उतरून जायचे, देवळासमोरचे. महाडचे चवदार तळे तळेच, तलाव नव्हे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सार्वजनिक पाणी म्हणजे काय याचा अर्थच नव्याने लिहिला गेला. तळ्यांविषयी मराठीत लिहिताना ही तारीख ओलांडून पुढे जाता येत नाही.

ठाण्यात मासुंदा तळ्याकाठच्या रस्त्याला ‘तलावपाळी’ म्हणतात. संध्याकाळी अर्धे ठाणे तिथे फिरायला असते. ‘पाळी’ म्हणजे काय, हे त्यातल्या फार थोड्यांना सुचत असेल. संस्कृत ‘पालि’ म्हणजे कड, बांध. विदर्भात हा शब्द आजही कामावर आहे. तिथे मातीचा बंधारा म्हणजे ‘पाळ’. पाळ फुटली, पाळीवर गवत वाढले, पाळीवरून बैलगाडी जाते, हे रोजचे बोलणे. कोकणातल्या शहराने तो शब्द नावात जपला, विदर्भाने वापरात.

विदर्भाच्या या पूर्व टोकाला, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात, तळ्यांचे जे जाळे आहे ते पाहायला प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी जावे. धानाच्या शेतीसाठी बांधलेली ही तळी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ती बांधायला घेतली. डोंगराचा उतार कुठे अडवायचा, पाळ किती रुंद ठेवायची, जास्तीचे पाणी कोणत्या बाजूने सोडून द्यायचे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मोठा तो तलाव, शेतापुरती छोटी ती ‘बोडी’. नवेगाव बांध हा त्यातला नावाजलेला. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला असे सांगतात. मजा अशी की गावाच्या नावातच ‘बांध’ आहे. पाणी पाहायला आपण जातो, पण गावाने नाव जपले ते श्रमाचे.

सरकारी कागदांनी मात्र या तळ्यांना ‘मालगुजारी तलाव’ म्हटले. अरबी ‘माल’ म्हणजे इथे जमीनमहसूल आणि फारसी ‘गुजार’ म्हणजे भरणारा. महसूल भरणारा तो मालगुजार. त्याच्या ताब्यातला तो मालगुजारी तलाव. खणणाऱ्याचे नाव गेले आणि कर भरणाऱ्याचे लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, नाव तेच राहिले. त्यासोबत गावाच्या हाती ‘निस्तार’ हक्क आले: तलावाचे पाणी, जंगलातले लाकूड, चराई या गरजा भागवण्याचा हक्क. ‘निस्तरणे’ म्हणजे आपण अडचणीतून पार पडणे म्हणतो, तेच हे. मालगुजारीपेक्षा निस्तार हा शब्द कितीतरी खरा आहे.

पावसाळा सरला की या बोड्यांचे रूप जवळून पाहावे. पाण्यावर शिंगाड्याच्या पानांची नक्षी पसरलेली असते. पाने तरंगती, देठ फुगीर, आणि वेल उचलून उलटा केला की खाली हिरवी, दोन बाजूंना टोक आलेली फळे. संस्कृत ‘शृंगाटक’, म्हणजे शिंगे असलेले; त्याचा ‘शिंगाडा’. वेल उलटा करून फळे तोडणारे हात बहुतेक ढिवरांचे. ‘धीवर’ म्हणजे मासेमार, त्याचे इकडचे रूप ‘ढिवर’. काठाच्या उथळ पाण्यात देवधान उगवते, कोणी न पेरलेले. म्हणून ते देवाचे.

आणि याच धानाच्या बांध्यांत सारस. ‘सरस्’ म्हणजे तळे, तळ्याचा तो सारस. ‘सरोवर’ म्हणजे तळ्यांतले श्रेष्ठ, ‘सरसिज’ म्हणजे तळ्यात जन्मलेले कमळ, आणि ‘सरस्वती’ म्हणजे मुळात जिच्या वाटेवर डोह-तळी आहेत अशी नदी. माणसाच्या खांद्याइतका उंच, लाल मानेचा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया आणि त्याच्या आसपास मोजक्याच संख्येने उरला आहे. तळे गेले तर सारसाच्या नावातला अर्थही जाईल.

नवेगावच्या या रानात मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून वर्षे काढली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक तिथले. पण शब्दांच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम म्हणजे त्यांनी गोंड, ढिवर आणि पारध्यांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि जिथे मराठीत शब्द नव्हता तिथे घडवला. पक्षी रात्री एकत्र बसतात ती जागा ‘रातनिवारा’, बगळ्यांच्या विणीची वसाहत ‘सारंगागार’, कावळ्यांची ‘काकागार’. परिभाषा कशी असावी याचा यापेक्षा चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

शेजारच्या नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यातला ‘झिरा’ म्हणजे झरा. संस्कृत ‘क्षर्’, वाहून जाणे, याचे प्राकृतात ‘झर’ झाले. त्यातून झरा, झिरपणे, पाझर, आणि दुष्काळी कामांवर बांधलेले पाझर तलाव. जे क्षरत नाही ते ‘अक्षर’. आपली लिपी आणि आपला झरा एकाच धातूचे. ताडोबाचे नाव मात्र माणसाचे आहे. तिथल्या तलावाकाठी तारू नावाच्या गोंड प्रमुखाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो गेला, असे लोक सांगतात. विठोबा, खंडोबा, वाघोबा, तसा ताडोबा. १९५५ मध्ये झालेले राज्यातले हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान एका आदरार्थी ‘बा’ने संपते.

लोणार हे सगळ्यांहून वेगळे. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, तळाशी खारे पाणी. ‘लवण’चे ‘लोण’ झाले; ‘लोणचे’ त्यातलेच. लवणासुराला विष्णूने मारल्याची कथा सांगतात आणि त्या दैत्यसूदनाचे देखणे देऊळ गावात आहे. मला ‘लवणाकर’ म्हणजे मिठाची खाण ही फोड अधिक पटते. कुंभकाराचा कुंभार होतो त्या चालीने ती बसते, आणि अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत लोणारला साबण आणि काचेला लागणारे क्षार मिळतात अशी नोंद आहे. २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले.

धरणांच्या पाण्याला आपण ‘सागर’ म्हणतो: पैठणचा नाथसागर, उजनीचा यशवंतसागर, कोयनेचा शिवसागर. पुराणात सगरपुत्रांनी पृथ्वी खणली म्हणून तो सागर. माणसांनी खणलेल्या पाण्याला हे नाव शोभते. ‘जलाशय’ही छान आहे. आशय म्हणजे जिथे काही वसलेले असते ती जागा. बोलण्याचा आशय तोच.

महाबळेश्वरला १८४२ मध्ये साताऱ्याच्या महाराजांनी बांधलेल्या वेण्णा तलावाला आता सगळे ‘वेण्णा लेक’ म्हणतात. हे वाढत चालले आहे. तळ्याकाठी ‘लेक व्ह्यू’ उभे राहते, डोंगराच्या टोकाला ‘पॉइंट’, आणि काही वर्षांत गावातल्या मुलांनाही जुने नाव सांगता येत नाही. म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी तळ्यावर किंवा अभयारण्यात जाल तेव्हा पाळीवर भेटणाऱ्या ढिवराला, गुराख्याला, फाटकावरच्या वाटाड्याला त्या पाण्याचे, त्या टेकडीचे, समोरच्या पाणवठ्याचे नाव विचारा. ते तसेच्या तसे, त्यांच्या उच्चारासह, वहीत लिहून ठेवा आणि घरी आल्यावर तेच नाव वापरा.