माग, गाळा आणि गोदाम : भिवंडी-शेलार परिसरातील वास्तुपरिवर्तन

नगरांच्या इतिहासात राजवटींच्या स्थित्यंतरांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे घरांच्या रचनेतील स्थित्यंतरांना दिले जात नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु तेथील घरे कोणत्या कारणांनी बदलत गेली, ह्याचा विचार क्वचितच होतो. भिवंडी आणि तिला लागूनच कामवारी नदीपलीकडे वसलेले शेलार ह्यांच्या आधारे प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ह्या परिसरात वास्तूचा आकार मुख्यतः उत्पादनाच्या साधनाने ठरविला.

भिवंडीचे पूर्वीचे वैभव खाडीवरील व्यापारावर आधारलेले होते. भात आणि इमारती लाकूड ह्यांच्या व्यापारात येथील कोकणी मुसलमान घराणी अग्रेसर होती. १८५४ साली लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत पोहोचला. त्याने भिवंडीला वगळल्यामुळे मालाची वाट पालटली आणि बंदराचे महत्त्व हळूहळू ओसरले. जी नगरी व्यापारावर उभी होती, तिला दुसरा आधार शोधणे भाग पडले.

तो आधार विणकामाने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. ह्या स्थलांतराचा संबंध सामान्यतः १८५७ च्या उठावानंतरच्या परिस्थितीशी जोडला जातो. खड्ड्याच्या मागास जमिनीत खड्डा लागतो; विणकर काठावर बसून खड्ड्यातील पावड्या पायांनी चालवितो. त्यास उंच छत लागत नाही. मात्र पक्की जमीन, थोडा उजेड आणि ताणा पसरण्यापुरती मोकळी जागा लागते. म्हणून राहते घर हीच कर्मशाळा होती, आणि घरासमोरील गल्ली हे तिचे अंगण होते.

१९३० नंतरच्या काळात विजेवर चालणारे माग वाढू लागले, तेव्हा ही एकरूपता मोडली. यंत्रमाग जड असतो. त्याच्या धक्क्यांनी जमीन हादरते आणि त्याच्या आवाजात संभाषण अशक्य होते. साहजिकच माग तळमजल्याच्या लांबट गाळ्यात गेला आणि माणूस माळ्यावर चढला. कायद्यानेही ह्या रचनेस हातभार लावला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचा अंमल विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा कामगारांपासून लागू होत असे. त्यामुळे एकाच छपराखालील माग अनेक नावांवर विभागून ठेवणे सोयीचे ठरले. पुढे १९५६ च्या वस्त्रधोरणाने गिरण्यांतील मागांच्या वाढीस आळा घातला आणि विकेंद्रित क्षेत्रास अवकाश मिळाला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर तर विणकामाचा मोठा वाटा भिवंडीकडे वळला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत घरांची आणि मागांची मोठी हानी झाली, तरीही मागांची वाढ थांबली नाही.

ह्या वाढीची किंमत वास्तूंनी आणि माणसांनी मोजली. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगण येथून आलेल्या कामगारांची संख्या वाढली, पण त्यांच्यासाठी घरे मात्र त्या प्रमाणात बांधली गेली नाहीत. गाळ्यांवर मजले चढले. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणे रूढ झाले. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे येथील जिलानी इमारत कोसळून सुमारे चाळीस माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटनेचे खापर केवळ बांधकामाच्या दोषावर फोडणे सोपे असते. परंतु इतकी माणसे धोकादायक छपराखाली का राहतात, ह्याचे उत्तर वरील आर्थिक इतिहासातच शोधावे लागते.

ह्या इतिहासाचा पुढचा टप्पा शेलारसारख्या गावांत दिसतो. शहरातील जागा अपुरी पडली, तेव्हा यंत्रमागांनी भोवतालच्या गावांच्या भातखाचरांकडे मोर्चा वळविला. जनगणनेत शेलारची नोंद 'जनगणना नगर' म्हणून होते. म्हणजे लोकसंख्या, तिची घनता आणि बिगरशेती व्यवसाय ह्या तिन्ही कसोट्यांवर ते नगर ठरते, पण त्यास नगरपालिका नाही. २००१ साली भिवंडीस महानगरपालिका मिळाली, तरी नगराचे रूप आणि नगराचा कारभार ह्यांची हद्द एक झाली नाही.

त्यातच तिसरे वास्तुरूप अवतरले, ते गोदामाचे. मुंबईच्या जकात हद्दीबाहेरील जागा आणि नाशिककडे जाणारा महामार्ग ह्यांमुळे तालुक्यात गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात संपली, तरी गोदामे संपली नाहीत. उलट लहान गोदामांऐवजी विस्तीर्ण गोदामे बांधणे फायद्याचे झाले. गोदामास उंच छत, सपाट जमीन आणि मालमोटार वळण्याइतके आवार लागते. माणसे तुलनेने थोडी लागतात. मागाने माणसे गोळा केली आणि त्यांना दाटीत ठेवले. गोदामाने मात्र जमीनच व्यापली.

ह्या तिन्ही रूपांपैकी पहिले आज नामशेष होत आहे आणि दुसरे मोडकळीस आले आहे. ग्रामपंचायतींच्या घरपट्टी आकारणी नोंदवह्या, पालिकेची करपत्रके आणि वृद्ध विणकरांच्या मुलाखती ही अभ्यासाची साधने अद्याप हाती आहेत; त्यांपैकी शेवटचे साधन फार काळ टिकणारे नाही. संशोधकांनी प्रथम तिकडेच वळणे इष्ट होय.