भुट्ट्याचं कूळ

मेक्सिकन जेवणाची गाडी राळेगावात अजून आलेली नाही. श्रावणात भुट्ट्याचे ठेले मात्र लागतात, आणि मेक्सिकोतल्या एखाद्या माणसाला त्या ठेल्यासमोर उभं केलं तर त्याला काहीच समजावून सांगावं लागणार नाही. लोखंडी शेगडीत फुललेले कोळसे, त्यावर फिरवत भाजलेलं कणीस, अर्धं कापलेलं लिंबू, तिखट-मीठ. ठेलेवाला सालं थोडी सोलून दाण्यात नख रोवतो. दूध आलं तर कणीस कोवळं. नाही आलं तर आतल्या साखरेचा स्टार्च झालाय, म्हणून असं कणीस तो बाजूला टाकतो. मग लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून दाण्यांवरून जोर देऊन घासतो. मेक्सिकोत याच कणसाला ‘एलोते’ म्हणतात आणि तेही हातगाडीवरच विकतात. वरून मेयोनीज आणि किसलेलं खारं चीज टाकतात, तेवढाच फरक. लिंबू आणि तिखट तिथेही असतंच.

हे साम्य योगायोगाचं नाही. मक्याचं मूळ गाव दक्षिण मेक्सिकोतलं बाल्सास नदीचं खोरं. तिथे ‘तेओसिन्ते’ नावाचं रानटी गवत उगवतं. त्याचं कणीस बोटाएवढं. त्यात पाच-दहा दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्यातली बरी रोपं निवडून पुन्हा पुन्हा पेरायला सुरुवात केली आणि त्यातून मका घडला. आज मक्याचे दाणे कणसाला इतके घट्ट धरून बसतात की माणसाने सोलून पेरल्याशिवाय त्याचा वंश चालत नाही. मिरचीही तिकडचीच. भिवापुरी मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे, पण तिचे पूर्वज मेक्सिकोच्या मळ्यात वाढले. राळेगावच्या मार्केट यार्डात गाडीगाडीने येणारा कापूससुद्धा बहुतेक ‘हिर्सुटम’ जातीचा, म्हणजे युकातानच्या बाजूचा. वऱ्हाडचा जुना देशी कापूस वेगळा होता.

ठेल्यावरचं लिंबू मात्र उलट दिशेने गेलं. कागदी लिंबू आग्नेय आशियातलं. अरबांनी ते पश्चिमेला नेलं, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत लावलं. आज जगाच्या बाजारात याच लिंबाला ‘मेक्सिकन लाइम’ म्हणतात. आपण ज्याला सांभार म्हणतो ती कोथिंबीरही जुन्या जगातूनच तिकडे गेली आणि आता तिच्याशिवाय टाको होत नाही.

मका भारतात आला तो पोर्तुगीजांच्या काळात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यावर एक वाद मोठा गाजला. कर्नाटकात सोमनाथपूरला तेराव्या शतकातलं होयसळ मंदिर आहे. तिथल्या मूर्तींच्या हातात कणसासारखी एक वस्तू दिसते. 1989 मध्ये कार्ल योहानसेन आणि अॅन पार्कर यांनी तो मकाच असल्याचं मांडलं. ते खरं असतं तर कोलंबसाच्या आधी मका इथे पोचला होता असं म्हणावं लागलं असतं. 1993 मध्ये पायक आणि सचान या मक्याच्याच अभ्यासकांनी उत्तर दिलं: ते कणीस नव्हे, ते मोत्यांनी मढवलेलं मुक्ताफळ. त्या काळातला मक्याचा एकही दाणा उत्खननात सापडलेला नाही, म्हणून पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं.

या कुळकथेत एक माणूस आपल्या शेजारचा आहे. राळेगाव तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे, जन्म 1884 चा. ते क्रांतिकार्यासाठी अमेरिकेत गेले, तिथे शेतीचं शिक्षण घेतलं आणि गदर चळवळीत उतरले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढले. देशात परतणं शक्य नव्हतं. 1924 मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी मक्याच्या सुधारित जातींवर काम केलं. त्यासाठी मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशी, तेओसिन्तेशीही संकर केला. डाळिंबासारख्या गुच्छाने वाढणाऱ्या ‘माइस ग्रानादा’ या जातीवर त्यांनी 1936 मध्ये पुस्तिका काढली. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा चालवल्या. त्यांच्या कणसांचे फोटो तीना मोदोत्तीने काढले. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेराचं चित्र आहे. त्यात टेबलाभोवती बसलेल्यांना भाकर वाटणारा माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्याचा. वर्ध्याचा माणूस, मक्याच्या माहेरात, अन्न वाटणारा म्हणून भिंतीवर.

स्वातंत्र्यानंतर, 1955 मध्ये, ते परतले आणि नागपूरला राहिले. तिथेच 1967 मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच्या आदल्या वर्षी, 1966 मध्ये, भारताने मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं. ‘लेर्मा रोहो’, ‘सोनोरा’ ही त्यातली नावं. त्या बुटक्या गव्हावर नॉर्मन बोरलॉगने काम केलं, आणि ते सुरू झालं त्याच चापिंगोत. हरितक्रांतीच्या गोष्टीत बोरलॉगचं नाव घरोघरी पोचलं, खानखोज्यांचं विदर्भातही फार जणांना ठाऊक नाही.

बियाणं असं पुन्हा पुन्हा आलं. मका शिजवण्याची रीत मात्र आली नाही. मेक्सिकोत मक्याचे कोरडे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. एका किलोला साधारण 10 ग्रॅम खायचा चुना. सकाळी साल सुटलेली असते. दाणे धुऊन दगडी पाट्यावर वाटले की पीठ चिकट होतं, भाकर न तडकता पातळ थापता येते. या दाण्यांना म्हणतात निक्स्तमाल. चुन्यामुळे कॅल्शियम वाढतं, आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला आणि चुना मागेच ठेवला. मग जिथे गरीब माणूस मक्यावरच जगत होता तिथे नायसिनअभावी पेलाग्रा पसरला. हातापायांची कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी माणूस भ्रमिष्ट व्हायचा. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने 1735 मध्ये त्याची नोंद केली.

विदर्भात पोट भरायला ज्वारी होती, मका पावसाळ्यातल्या हौसेपुरता राहिला. म्हणून चुन्याची गरज कुणाला भासली नाही आणि मक्याचा भुट्टा झाला, भाकर झाली नाही. मेक्सिकोच्या प्रांताप्रांतांतलं जेवण चाखायचं असेल तर सुरुवात भाकरीपासूनच करावी लागेल, कारण टाको, तमाल, ओआहाकाची भलीमोठी त्लायुदा, सगळं या एका चुनवलेल्या पिठावर उभं आहे. त्यासाठी फूड ट्रकची वाट पाहायचं कारण नाही. मक्याचे दाणे किराणा दुकानात मिळतात, पाटा-वरवंटा अजून बऱ्याच घरांत आहे, आणि चुना तर राळेगावात खर्रा घोटणाऱ्या प्रत्येक पानठेल्यावर पडलेला असतो.